खुंटीवरचा स्वेटर

माझ्या नवऱ्याला सगळे टक्केसर म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, हा कुठंतरी टक्केवारी खात असणार. तसं काही नाही. मोठ्या विद्यापीठांत कुणाला प्रवेश मिळण्याची किती शक्यता आहे, हे तो शंभरातल्या आकड्यात सांगतो, एवढंच. मुलं आपले मार्क, निबंध आणि शिक्षकांची शिफारसपत्रं घेऊन येतात, तो त्यांच्याशी निवांत बोलतो आणि शेवटी आकडा सांगतो. पूर्वी तो एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयातच नोकरीला होता, त्यामुळे त्याचा आकडा सहसा चुकत नाही. ऑफिसात मीही त्याला सर म्हणते. ती सवय पुढे घरापर्यंत आली, आता भाजी आणायला सांगतानाही तोंडातून सरच निघतं.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत सर, बाहेरच्या खोलीत मी. माझ्याकडे टेबल, फोन, पाण्याचा जार, भिंतीला लागून ठेवलेल्या खुर्च्या आणि त्या खुर्च्यांवर बसलेले आईबाप. मधल्या दाराला धुरकट काच आहे. तिच्यातून माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही.

आत फक्त मूल जातं. आकडा मुलालाच सांगायचा, घरच्यांना तो सांगायचा की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं आणि सरांनी तर कुणापुढे तोंड उघडायचंच नाही, असा आमचा नियम आहे. हा नियम माझा. सुरुवातीला सगळे एकत्र आत बसायचे तेव्हा आकडा पोराचा आणि भांडण आईबापांचं, असं व्हायचं. एका बाईनं तर आकडा ऐकून तिथल्या तिथं मुलीचा कान पिरगाळला. त्या दिवशी मी जास्तीच्या खुर्च्या बाहेर ओढल्या. सरांना तो नियम इतका पटला की त्यांनी तो मलाही लावला. बायको असले तरी मला कुणाचा आकडा कळत नाही.

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हे. त्या दारासमोर बसून बसून मला दारातून बाहेर येणारी मुलं वाचता यायला लागली होती. कमी आकडा मिळालेलं मूल नीटनेटकं बाहेर येतं. आत खुर्ची सरकवून जागेवर ठेवल्याचा आवाज येतो, बॅगेची चेन लागलेली असते, मला 'थँक्यू काकू' म्हणतं आणि आईबापांकडे बघून हसतं. चांगला आकडा मिळालेल्याचं तसं नसतं. त्याचे केस विस्कटलेले, बॅग अर्धी उघडी, आणि ते हमखास काहीतरी आत विसरतं. छत्री, पाण्याची बाटली, टोपी, कंपासपेटी. पाय इथं असले तरी डोकं केव्हाच पुढच्या वर्षात गेलेलं असतं ना. विसरलेल्या वस्तू मी माझ्या टेबलामागच्या खुंटीवर अडकवून ठेवते. मालक आठवण झाली की येऊन घेऊन जातो.

जेवताना मी हे घरी सांगायचे. आज कुणाला तरी तिसाच्या वर दिले वाटतं, छत्री राहिली, असं म्हणून सरांकडे बघायचे. सर पानातलं संपवत राहायचे. मौन म्हणजे संमती असं मी धरून चालायचे. आमची मुंगी शेजारी बसून ऐकायची आणि विचारायची, आणि आई, कमी आकडेवाले कसे असतात? मग मी उठून खुर्ची सरकवून दाखवायचे, चेन लावल्यासारखं करायचे, गोड हसायचे. मुंगी पोट धरून हसायची.

माझं म्हणाल तर पहिली काही वर्षं मी प्रत्येक पोरासाठी हळहळले. पुढे हळहळ आटली. रोज तव्याशी काम करणाऱ्या बोटांना चटका लागेनासा होतो, तसं काहीसं झालं. आया माझ्यासमोर डोळे पुसायच्या, मी पाण्याचा पेला पुढे करायचे आणि मनात म्हणायचे, जार संपत आलाय, सांगायला हवं.

मुंगी म्हणजे आमची एकुलती एक. लहानपणी सारखी साखरेच्या डब्यापाशी सापडायची म्हणून मुंगी. आता माझ्या डोक्यावरून बघते तरी मुंगीच. तिला नद्यांचा अभ्यास करायचा होता. आमच्या गॅलरीत तिचे पत्र्याचे ट्रे असायचे. त्यात वाळू पसरायची, ट्रेला एका बाजूनं उंचवटा द्यायचा आणि वरून बारीक धार सोडून पाणी कुठून वाट काढतं ते बघत बसायचं. मला तिथं कपडे वाळत घालायला जागा उरायची नाही. नद्यांचं शिकायचं तर तिथंच, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिथं म्हणजे त्या विद्यापीठात. आमच्या ऑफिसात येणारे सगळेच त्याला नुसतं 'तिथं' म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. हजारो मुलं अर्ज करतात, मूठभर आत जातात. सर म्हणतात, तिथं हुशारीचा प्रश्नच नसतो, हुशार सगळेच असतात. दाराला फट किती आहे, हा प्रश्न असतो.

अर्ज भरायचे दिवस आले तेव्हा एकदा जेवताना मुंगीनं सरळ विचारलं, बाबा, माझा आकडा किती? सरांचा हात पानातच थांबला. घरी नाही, ते म्हणाले. वेळ घेऊन ये.

मला वाटलं, थट्टा चाललीय. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला फोन वाजला.

"नमस्कार. मला सरांची वेळ हवी होती," पलीकडून मुंगीचा आवाज.

"कुणासाठी?" मीही माझा ऑफिसातला आवाज काढला.

"माझ्यासाठी."

"सोबत पालक कोण येणार?"

"आई येईल," ती म्हणाली.

ती आली तेव्हा पावसाची गार हवा होती आणि अंगात तिचा हिरवा स्वेटर होता, ढगळ, कोपरांवर मऊ पडलेला. शाळेतून थेट आली होती. इतर मुलांसारखी रांगेत बसली. सरांनी दार उघडलं आणि इतर मुलांना म्हणतात तसं तिलाही 'या' म्हणाले. दार लागलं. मी टेबलाशी बसून कागद इकडचे तिकडे केले. मग मला तिथं बसवेना, म्हणून उठून आईबापांच्या खुर्चीत जाऊन बसले. ती खुर्ची डुगडुगते हे मला तोवर माहीत नव्हतं. लोक इतकी वर्षं तिच्यावर बसून वाट बघत होते आणि एकानंही तक्रार केली नव्हती. काचेतून दोन आकृत्या दिसत होत्या. हलत नव्हत्या.

दार उघडलं आणि मुंगी बाहेर आली. केस विस्कटलेले, बॅगेचा एक पट्टा लोंबतोय. माझ्याकडे नीट बघितलंही नाही. मी खाली थांबते गं, म्हणाली आणि जिना उतरूनही गेली. मी आत डोकावले. खुर्ची वाकडी सरकलेली होती आणि तिच्या पाठीवर हिरवा स्वेटर तसाच होता.

"राहिला वाटतं," मी म्हटलं.

सर चष्मा पुसत होते. पुसतच राहिले. हं, एवढंच म्हणाले.

मी स्वेटर उचलला आणि खुंटीवर अडकवला. मला जे कळायचं ते कळलं होतं. आनंद झाला का? खरं सांगायचं तर नाही झाला. टपाल आल्यावर सवडीनं उघडू म्हणून बाजूला ठेवावं, तशी ती बातमी मी बाजूला ठेवली. पत्र येईल तेव्हा काय तो आनंद करू, आताच कशाला सांडायचा, असा माझा हिशेब होता. काळजी मात्र गेली. त्या दिवसापासून मी तिच्या प्रवेशाची काळजी केली नाही.

खाली चष्मेवाले भेटले की विचारायचे, काय वहिनी, घोडं कुठवर आलं? मी म्हणायचे, घोडामैदान जवळच आहे. ते म्हणायचे, तोवर गाजराची पुंगी समजायची, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. मी हसायचे आणि जिना चढायचे. आमची पुंगी गाजराची नव्हती, पण ते चष्मेवाल्याला सांगायचं कशाला.

पुढच्या महिन्यांत घरात जे जे घडलं ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मुंगीनं आपल्याच शहरातल्या कॉलेजचाही अर्ज भरायला घेतला. मी म्हटलं, कशाला उगाच? सर पेपरामागून म्हणाले, भरू दे तिला. मला वाटलं, यांचा जन्म सावध राहण्यात गेला, सावधच बोलणार. मग एका रविवारी सरांनी वाळूचं पोतं आणलं. गुडघा दुखतो म्हणून एरवी जिन्याला टेकत टेकत चढतात, पण पोतं खांद्यावरून वर आणलं आणि गॅलरीत ठेवून बराच वेळ धापा टाकत बसले. लेक लांब जाणार म्हणून लाड चाललेत, असं मी मनात म्हटलं. जेवताना ते पूर्वीहून गप्प असायचे. मी चिडवायचे, अहो, चेहरा कशाला पाडलाय, मी काही आकडा विचारत नाही. ते उठून पाणी घ्यायला जायचे, तांब्या भरलेला असला तरी.

मुंगी अभ्यास करायची. तेवढाच, तसाच. कधी हसायची, कधी माझ्यावर खेकसायची. तिथल्या परीक्षेला जाताना तिनं माझ्या पाया पडल्यासारखं करून माझ्या चपलेचा बंद सोडला आणि पळाली. परीक्षा झाली, तिथल्या लोकांनी मुलाखत घेतली, आणि मग फक्त वाट बघणं उरलं.

स्वेटर खुंटीवरच होता. शकुनबिकुन मी मानत नाही, पण तो हलवावा असं मला वाटलं नाही. झाडताना मी त्याच्या खालून झाडायचे. दुसऱ्या कुणाची छत्री राहिली तर ती खुर्चीवर ठेवायचे, खुंटी मोकळी नव्हती. मग थंडी पडली. मुंगी म्हणाली, आई, माझा हिरवा स्वेटर ऑफिसातच आहे ना? मी म्हटलं, आहे, असू दे तिथंच. आणि संध्याकाळी येताना तिला नवा घेऊन आले, चांगला निळा, जाड. तिनं तो घातला, आरशात बघितलं, गळा टोचतोय म्हणाली आणि अभ्यासाला बसली.

ज्या दिवशी उत्तर आलं त्या दिवशी मी ऑफिसातल्या खुर्च्यांना रबरी बूच बसवत होते. ती डुगडुगणारी खुर्ची उलटी करून मी जमिनीवर बसले होते. आतल्या खोलीत सरांसमोर एक मुलगी होती, तिचे आईबाप तेवढ्यात खाली चष्मेवाल्याकडे काच बसवायला गेले होते. मुंगी जिना चढून आली. निळा स्वेटर, हातात फोन.

"नाही झालं," ती म्हणाली.

मी म्हटलं, हं. अगदी सरांसारखं. बूच अर्धं बसलं होतं, ते मी अंगठ्यानं दाबून पुरतं बसवलं. मग म्हटलं, नीट वाच, दुसऱ्या कुणाचं असेल. तिनं फोन माझ्यापुढे धरला. तिचंच नाव होतं. खाली दोन ओळी होत्या, आभार मानणाऱ्या.

"असं कसं? तुझा आकडा तर चांगला होता," मी म्हटलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"स्वेटर राहिला होता की तुझा."

तिनं खुंटीकडे पाहिलं. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली, मांडी घालून, लहानपणी बसायची तशी.

"राहिला नव्हता, आई. मी ठेवला होता."

मला तिचं म्हणणं लगेच समजलं नाही. समजलं तरी ते आत कुठं पोचत नव्हतं. ती सावकाश सांगत होती. तू जेवताना सांगायचीस ना, चांगले आकडेवाले कसे बाहेर येतात ते, तसंच केलं. बॅगेचा पट्टा सोडला, खुर्ची वाकडी केली, केस विस्कटले. बाबा बघत होते. काही बोलले नाहीत.

"किती होता आकडा?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मी हे कुणालाच विचारलं नव्हतं.

"शंभरात दोन. बाबा म्हणाले, खरा तर एकच आहे, वरचा एक बाप म्हणून."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं, तर सगळे महिने मला तुझा चेहरा बघत बसावं लागलं असतं. मला अभ्यास करायचा होता. दोन तर दोन."

आता मला रडू येईल, असं मला वाटलं. मी थांबून बघितलं. आलं नाही. दुःख झालंय हे मला कळत होतं, पण ते शेजारच्या घरात भांडी पडल्यासारखं, दुरून. तिला जवळ घ्यावं असं मनात आलं आणि मी दुसरं बूच उचलून खुर्चीच्या पुढच्या पायाला लावायला घेतलं. ते नीट बसेना. मुंगीनं खुर्चीचा पाय धरून ठेवला.

जिन्यावर पावलं वाजली. त्या मुलीचे आईबाप वर आले, बापाच्या नाकावर नवी काच लावलेला चष्मा होता. आम्ही दोघी उठलो. तेवढ्यात मधलं दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली. केस विस्कटलेले, बॅग उघडी. बाटली आत टेबलावर राहिलेली मला दारातून दिसत होती. आईनं मुलीकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. आया नेहमीच शेवटी माझ्याकडे बघतात. मी आत गेले, बाटली आणली आणि मुलीच्या हातात दिली. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. ते तिघं खाली उतरून गेले.

सर दारात उभे होते. मुंगीच्या हातातला फोन बघून त्यांना काय ते कळलं असावं. ते पुढे आले नाहीत, मागेही गेले नाहीत.

"अहो, छत्र्या विसरणाऱ्यांचं ते माझं खरं होतं का हो?" मी विचारलं.

"कधी जुळायचं," ते म्हणाले. "कधी नाही."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

उत्तर मलाच माहीत होतं, नियम माझा होता. म्हणजे ती नीटनेटकी पोरं, आणि ती विसरभोळी पोरंही, त्या दारातून बाहेर येताना कोण कशासाठी तसं येत होतं, हे मला एकाचंही माहीत नव्हतं. त्यांतली किती जणं आत उभं राहून आधी केस ठीक करत असतील किंवा बिघडवत असतील, बाहेर बसलेल्या माणसासाठी. मी पाण्याचे पेले भरत होते.

मुंगीनं निळा स्वेटर डोक्यावरून काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मग खुंटीवरचा हिरवा काढला आणि झटकला. खिडकीच्या बाजूचा खांदा उन्हानं पार पांढुरका पडला होता. तिनं तो अंगात चढवला, बाह्या बोटांपर्यंत ओढल्या आणि त्यातच तोंड खुपसून वास घेतला. धुळीचा येत असणार. सर अजून दारातच होते.

"इथल्या कॉलेजचं काल आलं," ती म्हणाली. "मिळालंय. नद्या शिकवतात तिथं, थोड्या."

"बरं झालं," मी म्हटलं.

"मला वाटलं होतं, तू दुसऱ्या दिवशी हा घरी आणशील," ती स्वेटरच्या बाहीत बोलली. "रोज वाटायचं, आज आणशील. मग थंडी पडली आणि तू नवा घेऊन आलीस."

मी टेबलावरचा निळा स्वेटर हातात घेतला आणि त्याची घडी घालायला लागले. त्याचा गळा टोचतो, हे तिनं मला तेव्हाच सांगितलं होतं.